सपाटीला चरबी, चढाला भात

लो-कार्ब, म्हणजे अगदी कमी कर्बोदकांचं, खाऊन लांब पल्ल्याची सायकल चालवून पाहायची, असं ठरवलं त्याला दोन कारणं होती. पहिलं वजन. चाळिशी उलटल्यावर ते एवढी सायकल चालवूनही हलायला तयार नव्हतं. दुसरं कारण जास्त छळणारं होतं. शंभरेक किलोमीटर झाले की कधीकधी एकाएकी सगळंच संपायचं. पायांतला जीव जायचा, बोटं थरथरायची, पाटीवरचं अंतर वाचूनही आता किती उरलं याचा हिशेब डोक्यात बसायचा नाही, आणि विनाकारण रडू यायचं. सायकलवाले याला बॉंक म्हणतात. एकदा ज्याला झाला, तो पुढच्या प्रत्येक राइडला मनात थोडी धाकधूक घेऊनच निघतो.

बॉंक होतो तो साठा संपल्यामुळे. खाल्लेल्या कर्बोदकांपैकी शरीर थोडीच साठवून ठेवतं, ग्लायकोजेनच्या रूपात. स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात शंभरेक ग्रॅम. लहान चणीच्या बाईत त्याहूनही कमी. सगळं मिळून २,००० कॅलरींच्या आसपास. बऱ्यापैकी वेगाने सायकल चालवणारा माणूस तासाला ५०० कॅलरी सहज खर्च करतो. त्यातला काही वाटा चरबीतून येतो म्हणून साठा जरा जास्त पुरतो, पण न खाता चालवत राहिलं तर तो संपणार हे ठरलेलं. आणि चरबी? साठ किलो वजनाच्या, अजिबात स्थूल नसलेल्या बाईच्या अंगावरही पंधरा किलो चरबी असू शकते. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर सव्वा लाखाहून जास्त झाल्या.

लो-कार्बचा सगळा युक्तिवाद या दोन आकड्यांच्या तफावतीवर उभा आहे. सव्वा लाख अंगावर असताना दोन हजारांच्या जिवावर का निघायचं? मला हा मुद्दा पटला होता. आजही त्यातलं गणित मला खोटं वाटत नाही.

शिवाय त्याला संशोधनाचा आधार आहे. १९८३ मध्ये स्टीफन फिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे जवळजवळ कर्बोदकांशिवाय ठेवलं आणि मध्यम जोराने, दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. आधी सरासरी १४७ मिनिटं चालवत होते, नंतर १५१. म्हणजे काही बिघडलं नाही, आणि ग्लायकोजेनचा वापर मात्र कितीतरी घटला. २०१६ मध्ये जेफ व्होलेक यांच्या गटाने अल्ट्रा-मॅरेथॉन धावणाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. बराच काळ लो-कार्बवर असलेले धावपटू कमाल पातळीला मिनिटाला सरासरी दीड ग्रॅम चरबी जाळत होते. नेहमीचं कर्बोदकांचं खाणारे त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. शरीर चरबी जाळायला शिकतं, यात वाद नाही. हे सगळं वाचून मी सुरुवात केली.

दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कर्बोदकं, हा नियम ऐकायला सोपा वाटतो. शिजवलेला १५० ग्रॅम भात घेतला की त्यातच चाळीसएक ग्रॅम जातात. एक मोठं केळं खाल्लं की तीसेक. त्यामुळे ताटातून भात, बटाटा, ब्रेड, ओट्स, बहुतेक फळं आणि अर्थातच साखर गेली. राहिली अंडी, मासे, चीज, लोणी, बदाम, अक्रोड आणि भरपूर पालेभाज्या. मला खाण्यातला बदल जड गेला नाही. जड गेला तो पहिला आठवडा.

वजन भराभर उतरलं आणि घरातले सगळे थक्क झाले. पण ती चरबी नव्हती. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. साठा रिकामा झाला की ते पाणीही जातं, आणि काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात. याच काळात इन्शुलिन खाली आल्यामुळे मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. माझं डोकं दुखायचं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि जिना चढताना मांड्या भरून यायच्या. मीठ घातलेलं गरम सूप दिवसातून दोनदा घ्यायला लागल्यावर यातलं बरंचसं निवळलं. (रक्तदाबाची गोळी सुरू असेल त्याने असं मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नये.) सायकलवर मात्र ते दिवस वाईटच गेले. नेहमीचा सपाट रस्ता, नेहमीचा वेग, आणि नाडी नेहमीपेक्षा दहा-बारा ठोके वर.

मग काही आठवड्यांनी गाडी रुळावर आली, आणि जे मिळालं ते खरोखर सुंदर होतं. हे मी मोकळेपणाने लिहिते, कारण हाय-कार्बच्या बाजूचे लोक हा भाग वगळून टाकतात. पहाटे दोन अंडी आणि काळी कॉफी घेऊन निघायचं, सोबतीला पाणी आणि चिमूटभर मीठ, आणि संथ लयीत चार-चार तास चालवत राहायचं. भूक नाही. दर तासाला खिसे चाचपायला नकोत. डोकं शेवटपर्यंत स्वच्छ. पूर्वी शंभर किलोमीटरनंतर जी धाकधूक असायची, ती पार गेली. घरी आल्यावर दिसेल ते तोंडात कोंबायची माझी जुनी सवयही सुटली. सायकल लांबवर चालवायची, वेगाचं वेड नाही, चढ टाळता येतात, अशा माणसाला हे जन्मभर पुरेल. असे काही जण माझ्या ओळखीचे आहेत आणि ते मजेत आहेत.

माझी अडचण चढावर सुरू झाली.

आमच्या ग्रुपच्या नेहमीच्या वाटेवर एक सात-आठ किलोमीटरचा चढ आहे. मी कधी पहिली नसायचे, पण मधल्या घोळक्यात ठरलेली असायचे. त्या दिवशी पायथ्याला सगळ्यांनी गिअर उतरवले आणि जोर वाढवला, मीही वाढवला. पहिल्या दोन वळणांपर्यंत ठीक होतं. मग पुढच्या चाकाशी अंतर पडायला लागलं. पाय दुखत नव्हते, बॉंकही नव्हता. श्वास मात्र शेवटच्या पट्टीत लागला होता, आणि पॉवर मीटरवर (पॅडलवरचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) पाहिलं तर आकडा जिथे असायचा त्याच्या बराच खाली. जोर मागितला तर मिळतच नव्हता. ग्रुपमधला एक मुलगा वेग कमी करून माझ्या बाजूला आला.

“ताई, बरं वाटतंय ना? आज तुम्ही मागे?”

“बरी आहे रे. वरची ताकदच लागत नाहीये.”

“काही खाल का? जेल आहे माझ्याकडे.”

मी नको म्हटलं. माथ्यावर पोचले तेव्हा बाकीच्यांनी जॅकेटं चढवली होती.

एखादा दिवस वाईट जातो, म्हणून मी लगेच निष्कर्ष काढला नाही. पण पुढच्या खेपांनाही तेच झालं. सपाटीला उत्तम, वाऱ्याविरुद्ध बरं, आणि चढाला, किंवा कुणी वेग वाढवला की तिथे, मी सुटलेली. हे का होतं ते शोधताना मी वाचायला बसले आणि या विषयाचा खरा गाभा मला तिथे सापडला.

तो गाभा ऑक्सिजनचा आहे. चरबीत ग्रॅममागे ऊर्जा भरपूर असते, पण ती मोकळी करायला ऑक्सिजनही जास्त लागतो. एक लीटर ऑक्सिजन वापरून कर्बोदकांतून साधारण ५ कॅलरी निघतात, चरबीतून सुमारे ४.७. पाच-सात टक्क्यांचा फरक. सावकाश चालवताना हृदय आणि फुप्फुसं निवांत असतात, थोडा ऑक्सिजन जास्त लागला तर कळतसुद्धा नाही. पण चढावर छाती आधीच कमाल मर्यादेला टेकलेली असते, आणि तिथे हे पाच टक्के म्हणजे पुढचं चाक धरून राहणं आणि सुटणं यांतलं अंतर.

ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये लुईस बर्क यांच्या गटाने २०१७ मध्ये नेमकं हेच दाखवलं. जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू त्यांनी सुमारे तीन आठवडे वेगवेगळ्या आहारांवर ठेवले. सगळ्यांचा सराव सारखाच कडक. लो-कार्ब गटाची चरबी जाळण्याची क्षमता थक्क करण्याइतकी वाढली, आणि त्याच बरोबर शर्यतीच्या वेगाला लागणारा ऑक्सिजनही वाढला. १० किलोमीटरच्या शर्यतीत कर्बोदकं खाणारे दोन्ही गट सुधारले, लो-कार्ब गट सुधारला नाही. पुढे त्यांनी हाच प्रयोग पुन्हा केला, २०२० मध्ये प्रसिद्ध केला, आणि निकाल तसाच आला. दक्षिण आफ्रिकेतला २००६ चा सायकलपटूंवरचा प्रयोगही मला फार बोलका वाटतो. काही दिवस भरपूर चरबी, मग शेवटचा एक दिवस कर्बोदकं, असं करून १०० किलोमीटरची वेळ लावली. एकूण वेळेत मोठा फरक पडला नाही, पण अधूनमधून जे एक किलोमीटरचे जोरदार टप्पे होते त्यांत ताकद कमी भरली. म्हणजे साठा पुन्हा भरल्यावरसुद्धा! सराव सुटलेल्या यंत्रणेला साखर मिळाली तरी ती पटकन जाळता येत नाही. स्नायूंमध्ये कर्बोदकांना पुढच्या ज्वलनाकडे पाठवणारं पायरुव्हेट डिहायड्रोजनेज नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे. चरबीची सवय झाली की त्याचं काम मंदावतं.

हे वाचल्यावर जुन्या काळातलं एक संशोधन मला नव्याने भावलं. १९६६ मध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन स्वीडिश डॉक्टरांनी एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकी एकाच पायाने पॅडल मारलं, पार थकेपर्यंत. मग काही दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि दोन्ही मांड्यांचे सुईने तुकडे काढून तपासले. चालवलेल्या पायातलं ग्लायकोजेन न चालवलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झालं होतं. दोघांनी आपल्याच मांडीत सुया खुपसून हे शोधलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पुढच्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बऱ्यापैकी जोरात चालवायची तर आधीचे तीन दिवस लो-कार्ब खाल्लेला माणूस तासाभरात थकतो, नेहमीचं खाल्लेला दोन तासांच्या जरा आत, आणि भरपूर कर्बोदकं खाल्लेला पावणेतीन तास टिकतो. फिनींच्या निकालाशी हे विसंगत वाटेल, पण दोन्हींतला जोर पाहिला की गाठ सुटते. फिनींचे सायकलपटू कमाल क्षमतेच्या बासष्ट-चौसष्ट टक्क्यांवर चालवत होते, हे लोक पंचाहत्तरच्या आसपास. शिवाय तीन दिवसांत शरीर चरबीला सरावत नाही, हेही खरं.

चढाबरोबर आणखी एक गोष्ट बिघडत होती, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. माझी पाळी पुढे-पुढे जायला लागली. झोप तुटक झाली. हात-पाय गार पडायचे. चाळिशीच्या बाईला लगेच वाटतं की वय झालं. मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, आणि मग साधा प्रश्न विचारला, “तुम्ही दिवसाला किती खाता आणि किती सायकल चालवता, याचा हिशेब मांडून दाखवाल का?” मांडला, तेव्हा सायकलिंगच्या दिवशी खर्चाच्या मानाने खाणं फारच कमी पडत होतं. लो-कार्बवर भूक मरते, हा त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. वजन उतरवायचं तर तो गुणच. पण आठवड्याला दहा-बारा तास सायकल चालवणाऱ्या बाईची भूक मेली तर तिचं शरीर खर्चकपात सुरू करतं, आणि पहिली कात्री प्रजननसंस्थेला लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं, आणि ते पुरुषांनाही होतं हे आवर्जून नोंदवलं. हाडं, प्रतिकारशक्ती, मनःस्थिती, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. डॉक्टरांनी कर्बोदकांना दोष दिला नाही की चरबीला. कमी पडत होती ती एकूण ऊर्जा. पण कर्बोदकं परत आल्याशिवाय ती भरून काढणं मला तरी जमलं नसतं, कारण लोणी-चीज-बदाम एका मर्यादेपुढे घशाखाली उतरत नाहीत.

वर सांगितलेल्या प्रयोगांतले जवळजवळ सगळे पुरुष आहेत, याची मला चीड येते. सायकल चालवणाऱ्या बायका संख्येने इतक्या वाढल्या, तरी आपण पुरुषांच्या मांड्यांमधून आपलं उत्तर काढत बसतो.

वजनाचं म्हणाल तर, पाणी वगळता काही किलो खरोखर उतरले होते. पण तेही फक्त लो-कार्बमुळे, असं मला आता वाटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये सहाशे नऊ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवून पाहिलं, एक लो-फॅट, दुसरा लो-कार्ब. सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरले, फरक नगण्य. दोन्ही गटांना साखर-मैदा टाळून साधं, भाज्यांनी भरलेलं खायला सांगितलं होतं. मीही तेच करत होते, आणि नंतरही ते सोडलं नाही.

परतीची सुरुवात भाताने केली. संध्याकाळी बऱ्यापैकी भात, सकाळी ओट्स, आणि काट्यावर लगेच दीड किलो वाढले. या वाढीला घाबरून कित्येक जण पुन्हा लो-कार्बकडे पळतात. गेलं होतं तेच ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी परत येत होतं. चरबी अशी दोन दिवसांत वाढत नसते. चढावरचा जोर मात्र लगेच परतला नाही. काही आठवडे लागले, आणि त्या काळात दोन्हीकडची नसल्यासारखी अवस्था होती. मग एका सकाळी मधल्या घोळक्यात माथ्यावर पोचले, आणि तोच मुलगा म्हणाला, “ताई, परत आलात.”

पण साठा भरून निघणं हा अर्धाच उपाय. जुना बॉंक परत येऊ नये म्हणून सायकलवर खायला शिकायचं होतं, आणि ते शिकणं मला लो-कार्बपेक्षाही अवघड गेलं. एक ते अडीच तासांच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, त्याहून लांब असेल तर ९० ग्रॅमपर्यंत, असं क्रीडा-आहारशास्त्र सांगतं. या आकड्यांमागे आतड्याची रचना आहे. ग्लुकोज आत जायचं दार एकच, आणि त्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमच जातं. त्याहून जास्त प्यालात तर ते आतड्यातच साचतं, पोट फुगतं, मळमळतं. फ्रुक्टोजचं दार वेगळं आहे. म्हणून दोन्ही मिसळून दिलं तर एकूण जास्त आत जातं. आपली साधी साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोजच असते. खेळाडूंच्या पेयांच्या महागड्या पुड्यांवर जे तत्त्व छापलेलं असतं ते डब्यातल्या साखरेतही आहे.

लो-कार्बनंतर माझं आतडं यातलं काहीच सहन करत नव्हतं. पहिल्या लांब राइडला ६० ग्रॅमचा हिशेब धरून प्याले, तर पोटात नुसता गोळा. आतड्यालाही सराव लागतो. रोज मिळालं की ते साखर आत घेण्याची क्षमता वाढवतं. मग मी हळूहळू चढत गेले. तासाला २५ ग्रॅम, मग ४०, मग ५०. सायकलच्या संगणकावर दर वीस मिनिटांनी घंटी लावली. घंटी झाली की भूक असो-नसो, एक घास. उकडलेले लहान बटाटे सोलून, मीठ लावून, जर्सीच्या मागच्या खिशात ठेवायचे. एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने मागचा खिसा चाचपायचा, बटाटा तोंडात टाकायचा, तो पूर्ण चावून गिळेपर्यंत पॅडल किंचित सैल सोडायचं, वर दोन घोट पाणी. चढावर हे जमत नाही, श्वास अडकतो. म्हणून चढाच्या पायथ्याआधीच खाऊन घ्यायचं, आणि चढावर बाटलीतलं साखर-मिठाचं पाणी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या २०१९ च्या एका प्रयोगात बटाट्याच्या लगद्यावर सायकलपटूंनी जेलइतकीच चांगली वेळ दिली, मात्र पोट जरा जास्त फुगलं. माझाही अनुभव तसाच. म्हणून पहिल्या तासांत बटाटा आणि केळं, शेवटच्या टप्प्यात पातळ गोड.

आता व्यावसायिक शर्यतींतले लोक तासाला १२० ग्रॅम घेतात म्हणून हौशी मंडळीही तेवढं घ्यायला लागली आहेत. हे मला अजिबात पटत नाही, आणि त्याला कारण साधा हिशेब आहे. पॉवर मीटर असेल तर त्यावर केलेल्या कामाचे किलोज्यूल दिसतात, आणि शरीराची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात असल्यामुळे तो आकडा खर्च झालेल्या कॅलरींच्या जवळपास जातो. मी तासभर १३० वॉटने चालवलं तर सुमारे ४७० किलोज्यूल, म्हणजे ढोबळमानाने तेवढ्याच कॅलरी. त्यातल्या निम्म्या कर्बोदकांतून आल्या असं धरलं तर साठ ग्रॅम. मग १२० ग्रॅम पिऊन उरलेले साठ कुठे जाणार? २५० वॉटने सहा तास चालवणाऱ्याचा खर्च वेगळा, त्याचं पोटही वेगळं घडवलेलं. माझ्यासारखीला ५० ग्रॅम पुष्कळ झाले, आणि कडक राइडला ६०. दात सांभाळायला साखरेच्या घोटानंतर साध्या पाण्याचा घोट घेते. दंतवैद्यांनी हे एकदा कानउघाडणी करून सांगितलं आहे.

मग लो-कार्बमधलं काहीच ठेवलं नाही का? ठेवलं. ज्या दिवशी सायकल नाही किंवा तासभर संथ फिरवायची आहे, त्या दिवशी ताटात भाज्या, अंडी, मासे जास्त आणि भात थोडा. चढाचा किंवा लांबचा दिवस असेल तर आदल्या संध्याकाळपासून भात, बटाटा, फळं मोकळ्या हाताने. निघण्याच्या दोन-तीन तास आधी वजनाच्या किलोमागे साधारण दोन ग्रॅम कर्बोदकं. परतल्यावर पहिल्या तासाभरातच जेवते, कारण रिकामे स्नायू तेव्हा साखर सगळ्यात भराभर ओढून घेतात. एखादी दीड तासाची सकाळची संथ राइड न खाताही करते. चरबी जाळायची सवय तेवढ्यानेही बऱ्यापैकी टिकते असं माझं मत झालं आहे. पण पाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि झोप अपुरी असेल तेव्हा तेही नाही.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांनी या वादात कुणाची बाजू घ्यावी, असं मला हल्ली बरेचदा विचारतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस. थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरची सरासरी पुरते. त्या वेगाला सरावलेलं शरीर बरंचसं चरबीवर चालतं, त्यामुळे लो-कार्बवाले ब्रेव्हे आरामात पूर्ण करतात, आणि त्यांना रात्री मध्येच खायला काही मिळालं नाही तरी ते कोसळत नाहीत. मार्गात मोठे चढ असतील, किंवा घोळक्याबरोबर राहायचं असेल, तर मात्र मी भाताच्या बाजूने उभी राहीन. मधुमेह असलेल्यांचा विषय वेगळा. त्यांच्यापैकी काहींना कमी कर्बोदकांचा खरोखर फायदा होतो, पण इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना अचानक कर्बोदकं तोडली तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. आणि मधुमेहावरची एसजीएलटी-२ गटातली गोळी चालू असेल तर रक्तात साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तातलं आम्ल धोकादायक वाढणं) होऊ शकतो. डॉक्टरांशी बोलून डोस बदलल्याशिवाय त्यांनी यात पडू नये.

तरीही कुणाला स्वतः करून पाहायचं असेल तर मी अडवत नाही, पण काही गोष्टी करून ठेवायला सांगते. सुरुवातीआधी आणि तीनेक महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करा, कारण काही जणांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, यात बरंच चढतं. नेहमीचा एक चढ ठरवून त्यावरची वेळ आणि नाडी सुरू करायच्या आधीच लिहून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? पहिल्या महिन्यात त्या चढावर जाऊ नका, तोवरचे आकडे काही सांगत नाहीत. बायकांनी पाळीच्या तारखा वहीत टिपाव्यात, आणि ती दोनदा चुकली तर प्रयोग तिथेच थांबवून डॉक्टर गाठावा.